चौथा नियम आणि गार्डसाहेबांच्या डायऱ्या

नोकरीच्या काळात मी चांगल्या घरच्या मुलींना पळून जायला शिकवत असे. लग्नासाठी नव्हे, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. कामाच्या जागेवरून पळून जायला शिकवत असे. निरोप घ्यायचा नाही, मागं वळून बघायचं नाही, समोरच्याचा डोळा चुकवून गुपचूप निघायचं. या प्रकाराला मी 'हळुवार अलिप्तता' असं भारदस्त नाव दिलं होतं. ते फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत असे आणि परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही घालत असे. हा गाढवपणा मी बारा वर्षं केला आणि मला एकदाही शंका आली नाही. शंका यायला थोडी अक्कल लागते. माझ्याकडे तेव्हा अकलेपेक्षा खळ घातलेल्या साड्याच जास्त होत्या.

जामबागेच्या बाजूला मुलींचं एक कॉलेज आहे, तिथं मी मानसशास्त्र शिकवायची. वर्गात शिकवणं हे काम सोपं, कारण पुस्तकातली माणसं उलटून बोलत नाहीत. माझ्याकडे दुसरं एक काम होतं, तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या प्लेसमेंटचं. हैदराबादेत प्लेसमेंट म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. आमचे दीर दर दिवाळीला फराळाचं ताट पुढ्यात घेऊन विचारायचे, "काय वहिनी, यंदा तुमच्या मुलींना कुठली कंपनी?"

मी म्हणायची, "दोघींना विशेष मुलांची शाळा, एकीला व्यसनमुक्ती केंद्र, आणि चौघींना वृद्धाश्रम."

ते हातातला लाडू परत ताटात ठेवायचे.

तर आमची प्लेसमेंट म्हणजे काय, ते सांगते. मुलीनं सहा आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, नेमून दिलेल्या ठिकाणी जाऊन बसायचं. 'बसायचं' हा शब्द मी विचार करून वापरते आहे. वीस वर्षांच्या मुलीनं कुणाचं मन दुरुस्त करायला जाऊ नये, तिचं स्वतःचंच अजून ओलं असतं. तिनं बघायचं, ऐकायचं, सांगतील ती बारीकसारीक मदत करायची, घरी येऊन वहीत लिहायचं आणि तिथल्या प्रमुखांची त्यावर सही आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण काही न करता माणसाजवळ दोन तास बसणं किती अवघड आहे ते करून बघा. पहिल्या आठवड्यात निम्म्या मुली तरी माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या, "मॅडम, तिथं काही होतच नाही." चौथ्या आठवड्यात त्याच मुली म्हणायच्या, "मॅडम, वही पुरत नाही."

आमची नात ईशा सध्या मानसशास्त्रच शिकते आहे. तिची इंटर्नशिप फोनवर झाली. सोफ्यावर मांडी घालून सहा व्हिडिओ बघितले, मध्ये दोनदा मॅगी खाल्ली, आणि सातव्या दिवशी रंगीत सर्टिफिकेट आलं. मी विचारलं, "माणूस कुठं भेटला यात?" ती म्हणाली, "आज्जी, चिल. ते सेकंड ईयरला आहे." पोरीला मराठी बोलता येतं, वाचायचं म्हटलं की झोप येते. हा लेख ती वाचणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

जागा मिळवणं हे माझं काम. पत्र घेऊन गेलं की वृद्धाश्रमाला वाटायचं आम्ही फळं वाटायला आलो आणि सरकारी कचेरीला वाटायचं तपासणीला आलो. एका इस्पितळात डॉक्टरांनी मला आणि पाच मुलींना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दीड तासानं नर्स आली, आम्हां सहाजणींकडे पाहून तिनं विचारलं, "इन में पेशंट कौन है?" आम्ही सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. कुणालाच छातीठोकपणे नाही म्हणता येईना.

मग पालक. मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली असं बाहेर कळलं तर मुलीला स्थळं येणार नाहीत, हे मला निदान वीस आयांनी ऐकवलं असेल. त्यातली एक आई मुलीची राखण करायला पहिल्या दिवशी सोबतच आली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वॉर्डातल्या बायका मुलीला सोडून आईचीच वाट बघायला लागल्या. मार्क आईला द्यावेत असं मला मनापासून वाटत होतं, पण तक्त्यात तसा रकाना नव्हता.

मुलींना निघण्यापूर्वी मी नियम सांगायची. सल्ला द्यायचा नाही. आपला पत्ता आणि फोन नंबर द्यायचा नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. हे तीन नियम शहाण्या माणसांनी केलेले आणि अजूनही चांगले आहेत. चौथा माझा: शेवटचा दिवस कुणाला सांगायचा नाही. समोरचं माणूस कशात तरी रमलं, झोपलं, की हळूच निघायचं, आणि पुढच्या वेळेपासून जायचं नाही. रडारड नको, गुंतागुंत नको.

हा नियम मी आणला कुठून? घरातून. माझा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा सासूबाई त्याला वाट्या-चमचे मांडून खेळायला बसवायच्या आणि मी मागच्या दारानं कॉलेजला सटकायची. आमच्या सगळ्या घरांत असंच करतात. मूल रडत नाही, आईची बस चुकत नाही. तीच युक्ती मी उचलली, तिला शास्त्राचा परकर-पोलका नेसवला आणि वर्गात उभी केली. निरोप कसा घ्यावा यावर आमच्या जाड पुस्तकात एक सबंध प्रकरण होतं. पण ते अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून मी वाचलंच नव्हतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी जेमतेम पन्नाशीची, म्हणजे लहानच होते.

त्या वर्षी वर्गात मैथिली नावाची मुलगी होती. उंच, सावळी, बोलण्यात चटपटीत. वडिलांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर दखनी आणि टीव्हीवर तेलुगू, अशी चार भाषांत वाढलेली पोर. मराठी बोलायची झकास, पण वाचायला दिलं की अनवाणी खडीवरून चालल्यासारखी एकेक अक्षर चाचपत जायची. सिकंदराबादच्या बाजूला एका वृद्धाश्रमात एक मराठी बाई होत्या, म्हणून मी तिला तिथं पाठवलं. विषय दिला, 'वृद्धांची स्मरणशक्ती'. दहा वस्तू दाखवायच्या, झाकायच्या आणि किती आठवतात ते मोजायचं. माझी कल्पनाशक्ती त्या काळात एवढीच धावत असे.

त्या बाईंचं नाव यमुनाबाई. आश्रमात सगळे त्यांना यमुनम्मा म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढं, मूलबाळ नाही, पुतण्यानं आणून सोडलेलं. नवरा रेल्वेत गार्ड होता. डोळ्यांनी माणसाची आकृती दिसायची, अक्षर दिसत नसे. बरोबर त्यांनी दोन लुगडी, एक फुलपात्र आणि एक पत्र्याची पेटी आणली होती. पेटीत गार्डसाहेबांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या, वर्षाला एक याप्रमाणे एकतीस.

दुसऱ्या आठवड्यात मी पाहणीला गेले, तेव्हा दहा वस्तूंचं ताट कोपऱ्यात पडलेलं होतं आणि मैथिली पलंगाच्या कडेला बसून डायरी वाचत होती.

"पू... पूर्... पूर्णा. गाडी प... पन्नास मिनिटं उ... उशीर."

"पूर्णेला पन्नास मिनिटं? मग उतरून चहा घेतला असेल. थांब जरा."

मैथिली थांबली. यमुनाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हं. आता सोड गाडी."

"मु... मुद... मुदखेड. भात कच्चा."

"तरी! घरी कच्चा लागला तर ताट सरकवायचा. तिथं गपचूप खाल्ला असेल. माझं काही लिहिलंय का बघ."

"नाही आजी. पण हे बघा, 'घ... घरी पत्र टा... टाकले'. घरी म्हणजे तुम्हीच की."

"अगं, घर म्हणजे गावचं घर. तिथं त्याची आई, तीन भाऊ आणि एक म्हैस. त्या गर्दीत मी कुठं? मी तर इथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वाच पुढं."

मी दारातूनच विचारलं, "यमुनाबाई, इतकी वर्षं या डायऱ्या घरातच होत्या. तेव्हा नाही वाचल्यात?"

"तो होता तोवर कपाटाची किल्ली त्याच्या जानव्याला. तो गेला, किल्ली माझ्याकडं आली, तोवर डोळे गेले." त्या हसल्या. "महिन्यातले वीस दिवस हा माणूस गाडीवर. तिकडं काय करत होता, काय खात होता, कुणाची आठवण काढत होता की नव्हता, मला काय माहीत? आता विचारायची सोय नाही. या पोरीला म्हटलं, तू बघ. एकतीस वर्षांत एकदा तरी माझं काही लिहिलंय का, एवढंच बघ."

एखाद्या शहाण्या बाईनं तिथंच खुर्ची ओढून बसकण मारली असती. मी काय केलं? मैथिलीला बस स्टॉपवर गाठून झापलं. "तू निरीक्षणाला आली आहेस की मराठी वाचनाचा क्लास लावला आहेस?" तिच्या वहीत लाल शाईनं लिहिलं, 'विषयाशी सुसंगत नाही.' ती वही आज कुठं मिळाली तर ते वाक्य मी ब्लेडनं खरवडून काढीन.

पोरीनं मुकाट ऐकून घेतलं आणि वाचन चालूच ठेवलं. नंतर कळलं, दहा वस्तूंचे आकडे ती बसमध्ये बसून मनानंच भरायची. सहा आठवडे संपले तेव्हा तीन डायऱ्या वाचून झाल्या होत्या. त्यांत स्टेशनं होती, उशीर होते, परभणीचे पेरू होते, विसरलेल्या छत्र्या होत्या. यमुनाबाई नव्हत्या.

आणि मग माझा चौथा नियम लागू झाला. शेवटच्या शुक्रवारी दुपारी यमुनाबाईंचा डोळा लागला, तशी मैथिलीनं डायरी बंद करून उशाशी ठेवली आणि ती निघाली. मंगळवारी गेली नाही.

प्लेसमेंट संपली की तीनेक आठवड्यांनी मी सगळीकडे फिरून प्रमाणपत्रांवर सह्या घ्यायची. कोटीवरून सिकंदराबादची बस पकडायची, खिडकीची जागा मिळवायची, आणि मुलींच्या वह्या मांडीवर घेऊन वाचत जायचं. आज मला नोकरीतलं काय परत हवं असं कुणी विचारलं तर मी तो बसचा तास मागेन. कुणाच्या कुणाच्या आयुष्यांचे तुकडे वेड्यावाकड्या अक्षरांत मांडीवर असायचे, आणि रस्ता संपू नये असं वाटायचं. आता त्या रस्त्यावरून मेट्रो जाते. मुलगा म्हणतो, अर्ध्या वेळात पोचशील. पोचायचं कुणाला आहे?

तर त्या दिवशी, मंगळवारच होता, मी आश्रमात गेले. फाटकाशी रहीमाबी भेटली. ती तिथली आया, तीस वर्षांची जुनी, आणि खरं तर आश्रम तीच चालवायची. तिनं मला सलाम केला नाही.

"मॅडम, वो लंबी बच्ची कां गई?"

"तिचं काम संपलं, रहीमाबी."

"काम हो गया बोल को अम्मा को बोलना नक्को?" तिनं आत बोट दाखवलं. "देखो. मंगल और जुम्मे को नहा को, साड़ी बदल को, किताब लेको बैठ जाते. दोपहर का खाना नक्को बोलते, बच्ची आ को जाने दो, फिर खाती बोलते. शाम हो जाती. मैं क्या बोलूं उनको?"

यमुनाबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. धुतलेलं लुगडं, विंचरलेले केस, मांडीवर चौथी डायरी. पावलं वाजली की त्यांचं तोंड त्या बाजूला वळायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

मी पुढं गेले. "यमुनाबाई, मी मैथिलीची मॅडम."

"पोर आजारी आहे का?"

"नाही."

"लग्न ठरलं?"

"नाही हो. तिचा कोर्स संपला."

"अस्सं." त्यांनी मांडीवरची डायरी चाचपली. मग म्हणाल्या, "मला वाटलं माझं काही चुकलं. मी फार थांबवायची तिला."

वर्गात मी अपराधीपणावर पाऊण तास बोलू शकत असे, उदाहरणांसह. तिथं मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. म्हणून मला सुचली ती दुसरी चूक मी केली. म्हटलं, "मी वाचते ना. द्या इकडं."

आणि मी वाचलं. माझं वाचन उत्तम, आकाशवाणीवरसुद्धा दोनदा बोलावलं होतं. खणखणीत उच्चार, योग्य जागी विराम. अर्ध्या तासात मी जानेवारी ते मे उरकला. गाडी वाडीहून सुटली, निजामाबादला पोचली, जालन्याला पोचली. यमुनाबाईंनी हात वर केला.

"बाई, तुम्ही फार छान वाचता. पण राहू द्या."

"का? ऐकू येत नाही का नीट?"

"येतं की. पण तुमची गाडी थांबतच नाही कुठं. ती पोर अडखळायची ना, तेवढ्यात मला त्या स्टेशनावर उतरता यायचं. तो कंदील घेऊन उभा आहे, थंडी आहे, असं जरा बघून घ्यायची मी. तुम्ही भर्रकन मनमाड दाखवलंत."

मी डायरी परत दिली. प्रमाणपत्रावर सही न घेताच निघाले. त्या दिवशी बसमध्ये वह्या उघडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैथिलीला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती आली आणि दारातच उभी राहिली.

"तुला यमुनाबाईंकडे पुन्हा जायला हवं," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्हीच बोलला होता, शेवटचा दिवस सांगायचा नाही म्हणून."

"हो."

"मी चपला हातात घेऊन निघाले. माझ्या पायांचा आवाज त्यांना ओळखू येतो म्हणून. चोरासारखी निघाले, मॅडम. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" तिचा आवाज चढला. "तुम्ही बोलला होता, म्हातारी माणसं दोन दिवसांत विसरतात. विसरल्या नाहीत का त्या?"

"नाही. खुर्ची दारात टाकून बसतात. जेवत नाहीत."

मैथिलीनं खाली बघितलं.

मी म्हटलं, "माझं चुकलं." विद्यार्थिनीसमोर हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. छत कोसळलं नाही.

मैथिलीनं नाक पुसलं, माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे ते नोट्समधून काढून टाकायचं का? परवा पेपर आहे. अर्ध्या वर्गानं पाठ केलंय."

काढून टाकलं. म्हणजे त्या वर्षीच्या पेपरात प्रश्न छापून गेला होता, पण मी सगळ्यांना पाचपैकी पाच दिले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी गेलो. दारातल्या खुर्चीपाशी पोचायच्या आधीच यमुनाबाई म्हणाल्या, "आलीस?" त्या रागावल्या नाहीत. मैथिलीला मी वाटेत पढवून ठेवलं होतं, माफी कशी मागायची, किती मागायची. ती सगळं विसरली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. यमुनाबाई तिच्या पाठीवर थोपटत होत्या आणि रहीमाबी मागून म्हणत होती, "हौ, अब रो. इत्ते दिन अम्मा कू रुलाए."

रडणं ओसरल्यावर मैथिली म्हणाली, "आजी, मी अजून आठ वेळा येणार. त्यानंतर माझी मोठी परीक्षा आहे, मग मी पुण्याला शिकायला जाणार. आठव्या वेळेला मी सांगून जाईन."

यमुनाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "आठ वेळांत डायऱ्या किती होतील?"

"दोन. फार तर."

"उरल्यात अठ्ठावीस. मग दोन चांगल्या निवडू." त्या विचारात पडल्या. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतका गंभीर विचार करताना कुणाला पाहिलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एक लग्नाच्या सालची काढ. आणि एक, ज्या साली मी आठ महिने माहेरी होते, ती. आईचं आजारपण होतं. माणूस जवळ असताना काय लिहिणार? लिहिलं असलं तर त्या साली लिहिलं असेल."

त्या आठही वेळा मी सोबत गेले. पाहणी म्हणून नव्हे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि काही करायची नाही. बारा वर्षं मुलींना सांगत होते, 'बसायचं', ते मी त्या स्टुलावर शिकले. रहीमाबी मध्येच चहा आणून ठेवायची आणि माझ्याकडे बघून मान डोलवायची, जणू मी तिचीच एक ट्रेनी.

लग्नाच्या सालात त्यांच्या लग्नाच्या तारखेला एवढंच होतं, 'रजा. तीन दिवस.' यमुनाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तीन दिवस! आणि मला म्हणाला होता, साहेब दोनच देत होता, भांडून तिसरा घेतला!"

मग माहेरच्या सालची डायरी. मैथिली अडखळत वाचायची, यमुनाबाई स्टेशनास्टेशनावर उतरायच्या. त्या सालात एक नोंद पुन्हा पुन्हा यायची. 'आलो. क्वार्टरला कुलूप.' पाच-सहा दिवसांनी पुन्हा, 'आलो. क्वार्टरला कुलूप.' तिसऱ्यांदा आली तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या, "थांब." मैथिली थांबली. त्या दिवशी त्यांनी गाडी पुढं सोडलीच नाही.

आठवी खेप आली. शुक्रवार होता. यमुनाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि रहीमाबीनं खीर केली होती. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तिथलं काही खायचं नाही, पण त्या दिवशी मी नियमांच्या बाबतीत तोंड उघडायच्या लायकीची नव्हते. दोन वाट्या खाल्ल्या.

डायरीची शेवटची चार पानं उरली होती. मैथिली वाचत गेली. सेलू. परभणी. इंजिन बदलले. छत्री हरवली. यमुनाबाई आता काही विचारत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. शेवटच्या पानावर मैथिली आली. मी स्टूल जवळ ओढलं होतं, मला तिच्या खांद्यावरून पान दिसत होतं.

"पू... पूर्णा. गाडी ए... एक तास उभी. इंजिनात पा... पाणी भरले."

मजकूर तिथं संपला होता. खाली कोरी जागा आणि शाईचा एक डाग. मैथिलीनं त्या डागाकडे बघितलं, एक श्वास घेतला आणि पुढं वाचलं.

"फलाटावर चांदणे पडले आहे. आज यमुनेची फार आठवण झाली."

माझ्या हातातला चमचा वाटीवर वाजला.

यमुनाबाईंनी कान पुढं केला. मग म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मैथिलीनं पुन्हा वाचलं, तेच शब्द, त्याच क्रमानं. डोळे डागावरून हलू दिले नाहीत.

"शेवटच्या पानावर लिहिलंय?"

"हो आजी. अगदी शेवटी."

"बघ बाई," यमुनाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "लपवून लपवून कुठं ठेवलं होतं."

शिक्षिका म्हणून मी तेव्हाच बोलायला हवं होतं. जे नाही ते आहे म्हणून सांगणं हे आमच्या कामात सगळ्यात मोठं पाप. सल्ला दिला तर एक वेळ क्षमा आहे, याला नाही. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. मी तोंडात खीर धरून गप्प बसले. मैथिलीच्या वहीत त्या दिवशी लिहिलं होतं, 'आज वाचन पूर्ण झाले. निरोप घेतला.' मी त्याखाली सही केली.

निरोप तिनं नीट घेतला. पाया पडली, पुण्याला कधी जाणार ते सांगितलं, परत येणार नाही हेही सांगितलं. यमुनाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कानशिलावर बोटं मोडली, आणि म्हणाल्या, "जा. चपला घालून जा. वाजू दे." मैथिली फाटकापर्यंत चपला आपटत गेली. आवाज थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

त्यानंतरच्या माझ्या सगळ्या वर्षांत चौथा नियम बदललेला होता. पहिल्या दिवशीच शेवटचा दिवस सांगायचा, आणि त्या दिवशी तोंड दाखवून निघायचं. मुली रडत, माणसं रडत, रुमालांची ददात पडे. निवृत्त होताना मी मात्र समारंभाला जायचं टाळण्यासाठी तापाचं सोंग आणलं होतं. सहकाऱ्यांनी घरी येऊन शाल घातली. शिकवणं वेगळं, जमणं वेगळं. आता मंगळवार आला की मी अजून सकाळी लवकर आवरते, साडी नेसते, आणि मग आठवतं की कुठंच जायचं नाहीये.

त्या दिवशी मैथिली गेल्यावर मी प्रमाणपत्र पुढं केलं. यमुनाबाई तिथल्या प्रमुख नव्हत्या, त्यांच्या सहीला काही किंमत नव्हती, पण मला ती हवी होती. मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली. त्यांनी चाचपडत आपलं नाव लिहिलं, पेन माझ्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, आमच्या माणसानं जन्मात मला नावानं हाक मारली नाही, तो कागदावर कुठून लिहिणार? पण पोरीला बोलू नका हं काही. आज पहिल्यांदा दोन ओळी न अडखळता वाचल्या तिनं."